मधला धुरा

आमच्या आर्णीकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. अरुणावतीकाठची काळी जमीन, एका अंगाला एकाची पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची तूर, आणि मधे हात-दोन हात रुंदीची गवताळ पट्टी. बैलांना तिथलेच गवत मिळते, दुपारची भाकर तिथल्याच बाभळीखाली सुटते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कोर्टकज्जेही तिथूनच सुरू होतात. दरसाल वखर बोटभर आत घातला की धुरा बोटभर झिजतो. दोन्हीकडून असेच चालले तर काही वर्षांनी धुरा उरत नाही. उरतात एकमेकांवर डोळे रोखून बसलेली दोन घरे. मराठीत हाच शब्द स्त्रीलिंगी झाला की त्याचा अर्थ खांद्यावर घेतलेला भार असा होतो. संसाराची धुरा, राज्याची धुरा असे आपण म्हणतो. राजकारणातल्या मध्यम मार्गाबद्दल लिहायचे ठरवले तेव्हा हे दोन्ही अर्थ एकदमच मनात आले. मध्य ही दोघांच्या मधली जागा आहे आणि कुणीतरी उचलायचे ओझेही आहे. या पुस्तकाला सांगायचे आहे ते एवढेच.

पुस्तकाचा मुख्य विषय प्राचीन ग्रीकांचा राजकीय विचार. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या नगरराज्यांत मध्यम मार्ग हा आदर्श कसा घडला, त्याची परीक्षा कुठे झाली, तो कुठे टिकला आणि कुठे मोडला, हे इथे मांडले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाने हे का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच भाषेतल्या एका शब्दात आहे.

तो शब्द म्हणजे मवाळ. शाळेतल्या इतिहासाने आपल्या मनात जहाल आणि मवाळ अशी जोडी पक्की बसवली. जहाल म्हणजे छातीचा माणूस, मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारा, असे चित्र त्या जोडीबरोबर आले आणि मनातून गेले नाही. मवाळांना आणखी एक चांगला शब्द होता, नेमस्त. त्यात नेम आहे, माप आहे, ठरवून घातलेली मर्यादा आहे. तो शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला. गावच्या पारावर असो की विधिमंडळात, जो दोन्ही बाजूंचे ऐकून घेतो त्याला आज दोन डगरींवर हात ठेवणारा म्हणतात. कुणाचा आहेस ते आधी सांग, मग बोल, असा दंडक झाला आहे.

ग्रीकांनी हे सारे भोगले होते. इ.स.पू. ४२७ मध्ये कॉर्सिरा या बेटावर लोकशाहीवादी आणि धनिकशाहीवादी यांच्यात यादवी पेटली. एका गटाच्या पाठीशी अथेन्स, दुसऱ्याच्या पाठीशी स्पार्टा. थ्युसिडिडीज या इतिहासकाराने त्या यादवीचे वर्णन करताना प्रेतांइतकेच लक्ष शब्दांकडे दिले. त्याचे निरीक्षण असे की लोकांनी शब्दांचे अर्थच फिरवून टाकले. अविचारी धाडसाला निष्ठा म्हणू लागले, सबुरीला भित्रेपणा. आणि संयमी माणूस आपले षंढत्व झाकतो आहे असे मानले जाऊ लागले. जे कुणाच्याच गटात नव्हते त्यांना दोन्ही गटांनी मारले. एखाद्या समाजातला धुरा झिजला आहे हे ओळखायचे असेल तर तिथे संयमाला काय नाव पडले आहे ते पाहावे, ही कसोटी त्याने आपल्याला दिली आहे.

ग्रीकांचा मूळ शब्द सोफ्रोसिनी. त्याला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. संयम, विवेक, मर्यादा, शहाणपण, आपली पायरी ओळखणे या सगळ्यांचा मिळून तो होतो. डेल्फीच्या अपोलो मंदिरावर कोरलेल्या बोधवचनांत अति करू नये असे एक वचन होते. आपल्याकडची अति तेथे माती ही म्हण त्याच जातीची. पण घरातल्या शहाणपणाची म्हण आणि राज्य चालवण्याचे तत्त्व यांत मोठे अंतर असते. हे अंतर ग्रीकांनी कसे कापले, ते या पुस्तकाच्या पहिल्या भागाचे सूत्र आहे.

त्याची सुरुवात कर्जापासून होते. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोन अथेन्सचा मुख्य अधिकारी झाला, तेव्हा अथेन्सच्या मुलखातला गरीब कास्तकार सावकाराच्या दारात अक्षरशः गहाण पडला होता. देहाच्या तारणावर कर्ज मिळत असे. ते फिटले नाही तर माणूस आणि त्याची मुलेबाळे गुलाम म्हणून विकली जात. गरिबांना जमिनीचे फेरवाटप हवे होते. श्रीमंतांना काहीच बदलायला नको होते. सोलोनने कर्जे रद्द केली, देहाच्या तारणावर कर्ज देणे कायमचे बंद केले, परदेशी विकल्या गेलेल्या अनेकांना परत आणले. जमिनीचे फेरवाटप मात्र त्याने केले नाही. दोन्ही बाजू त्याच्यावर नाराज झाल्या. त्याला अथेन्सचा हुकूमशहा होता आले असते. तसे कर म्हणणारे पुष्कळ होते. तो झाला नाही. कायदे करून दहा वर्षांसाठी परदेशी निघून गेला. आपल्या कवितांत त्याने स्वतःला दोन्ही पक्षांवर ढाल धरून उभा राहिलेला माणूस म्हणून रंगवले आहे. मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचे हे ग्रीकांतले सर्वांत जुने आणि बहुधा सर्वांत खरे चित्र आहे. ढाल धरणाऱ्याला वार दोन्हीकडून झेलावे लागतात.

सोलोनच्या नावावर एक विलक्षण कायदाही सांगितला जातो. नगरात यादवी माजली असताना जो नागरिक कोणतीच बाजू घेत नाही त्याचे नागरिकत्व जावे, असा तो कायदा. मध्यम मार्गाचा आद्य पुरुष तटस्थतेला गुन्हा ठरवतो, हे प्रथम वाचताना कोडे वाटते. विचार केला की त्याचे मर्म कळते. शहाणी माणसे घरात बसली की मैदान माथेफिरूंना मोकळे मिळते. ती दोन्ही बाजूंत शिरली तर दोन्ही बाजूंना लगाम बसतो. तटस्थ माणसाला धुऱ्याशी घेणेदेणे नसते. धुरा राखणाऱ्याला दोन्ही शेतांत पाय ठेवावा लागतो.

सोलोनचा हा कायदा आपल्याला ज्या ग्रंथातून कळतो त्याची हकिकत मला फार जवळची वाटते. अरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. इजिप्तच्या वाळूतून निघालेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर तो सापडला आणि १८९१ मध्ये लंडनला छापला गेला. त्या गुंडाळ्यांच्या एका बाजूला इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका शेताचा जमाखर्च लिहिलेला आहे. तो निरुपयोगी झाल्यावर कुणीतरी मागच्या कोऱ्या बाजूवर अथेन्सचा इतिहास उतरवून काढला. एका बाजूला शेतीचा हिशेब, दुसऱ्या बाजूला राज्याचा. यवतमाळच्या माणसाला हे दोन हिशेब वेगळे आहेत हे पटवून देणे कठीण जाईल. आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले, आणि त्या तारखेला आजही ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. सोलोनने नेमस्तपणाचे व्याख्यान देण्याआधी गहाणाची खूण म्हणून रोवलेले कर्जाचे खांब शेतातून उपटले, ही गोष्ट आम्हांला कुणी समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्या मानेवर फास आहे त्याला संयम शिकवणे हा निर्दयपणा आहे.

सोलोननंतरच्या दोनशे वर्षांत अथेन्सने मोठी लोकशाही उभी केली आणि तिच्याच बळावर साम्राज्यही. बळ आले की मध्य टिकवणे अवघड होते, याचे दोन प्रसंग या पुस्तकात विस्ताराने आले आहेत. पहिला मिटिलीनीचा, इ.स.पू. ४२७ मधलाच. बंड केलेल्या या नगरातले सर्व पुरुष ठार करावेत आणि बायकामुलांना गुलाम करावे, असा ठराव अथेन्सच्या लोकसभेने रागाच्या भरात केला आणि हुकूम घेऊन जहाज रवाना झाले. रात्रीतून लोकांना पश्चात्ताप झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑन या पुढाऱ्याने जुना ठराव कायम ठेवण्यासाठी जोरदार भाषण केले. डायोडोटस नावाच्या, इतिहासात एरवी कुठेच न भेटणाऱ्या माणसाने विरोध केला. त्याने दयेची भीक मागितली नाही. घाई आणि राग हे चांगल्या निर्णयाचे शत्रू आहेत आणि सगळ्यांना मारण्यात अथेन्सचेच नुकसान आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. थोड्या मतांनी ठराव फिरला, दुसरे जहाज निघाले, वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता जेवण केले आणि ते जेमतेम वेळेवर पोचले. नगर वाचले, तरी हजारावर माणसे बंडाचे पुढारी म्हणून मारली गेलीच. नेमस्तपणाचा विजय बहुधा असा अर्धामुर्धा असतो. पण काल केलेली चूक आज सुधारण्याची सोय ज्या राज्यात आहे, त्यातच तो शक्य होतो.

दुसरा प्रसंग इ.स.पू. ४०३ चा. युद्धात हरलेल्या अथेन्सवर स्पार्टाच्या पाठबळाने तीस जणांची जुलमी सत्ता आली. तिने सुमारे दीड हजार माणसे मारली. त्या तिसांतल्याच थेरामेनीसने कत्तलींना विरोध केला, तेव्हा त्यांचा म्होरक्या क्रिटिआस याने त्याला कोथॉर्नोस म्हणून हिणवले. डाव्या-उजव्या कोणत्याही पायात बसणारा बूट, असा त्या शब्दाचा अर्थ. मग त्याला विष देण्यात आले. हाच क्रिटिआस प्लेटोच्या 'खार्मिडीस' या संवादात सोफ्रोसिनी म्हणजे काय यावर सॉक्रेटिसशी चर्चा करताना दिसतो. त्या संवादात व्याख्या सापडत नाही. संयमाची व्याख्या करायला बसलेला माणूस पुढे अथेन्सचा कसाई झाला, हे प्लेटोच्या वाचकांना ठाऊक होते. क्रिटिआस प्लेटोच्या आईच्या नात्यातला होता, हे लक्षात घेतले की त्या संवादातली वेदना जाणवते.

लोकशाहीवादी शस्त्राने जिंकून नगरात परतले तेव्हा सूड घेण्याची संधी आणि सामर्थ्य दोन्ही त्यांच्याकडे होते. त्यांनी शपथ घेतली की मागच्या अपराधांचे वैर धरणार नाही. तीस सत्ताधीश आणि त्यांचे काही अधिकारी एवढेच या माफीतून वगळले. त्यांनाही आपल्या कारभाराचा हिशेब देण्याची वाट खुली ठेवली. याहून पुढची गोष्ट अशी की लोकशाहीविरुद्ध लढण्यासाठी त्या तीस जणांनी स्पार्टाकडून घेतलेले कर्ज लोकशाहीने सर्वांच्या तिजोरीतून फेडले. आपल्याला मारण्यासाठी काढलेले कर्ज आपणच फेडायचे, कारण नगर आता पुन्हा एक आहे. मला विचाराल तर ग्रीकांच्या मध्यम मार्गाचा हा सर्वोच्च क्षण आहे. दुबळ्याने हात आवरला तर ते त्याचे दुबळेपण असेल. जिंकलेल्याने आवरला तर तो नेमस्तपणा.

या सगळ्या अनुभवाला विचाराचे रूप अरिस्टॉटलने दिले. तो अथेन्सचा नागरिक नव्हता. उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावातून आलेला परका होता. त्याच्या शाळेत एकशे अठ्ठावन्न राज्यघटनांचा अभ्यास झाला. त्याच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या चौथ्या भागात मध्यम वर्गाचे प्रसिद्ध विवेचन आहे. अतिश्रीमंतांना हुकूम देणे कळते, हुकूम पाळणे कळत नाही. अतिगरिबांना फक्त वाकणे कळते. अशा दोनच थरांचे नगर मालक आणि गुलाम यांचे होते. एकाच्या मनात तुच्छता, दुसऱ्याच्या मनात मत्सर. मधल्या लोकांची संख्या मोठी असेल तिथे फाटाफूट कमी होते. पण असे नगर क्वचितच पाहायला मिळते, अशी कबुलीही तो देतो.

त्याच्या विचारातल्या तीन गोष्टी वाचकाने विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली, मध्य हा अंकगणिताने काढायचा नसतो. दहा शेर अन्न जास्त आणि दोन शेर कमी म्हणून सर्वांना सहा शेर द्यावे असे होत नाही. मिलो पैलवानाला ते अपुरे, नवशिक्याला फार. म्हणजे प्रत्येक भांडणात दोन्ही मागण्यांची बेरीज करून दोनाने भागणे हा मध्यम मार्ग नव्हे. चोर आणि घरमालक यांच्यात निम्मे-निम्मे करणाऱ्याला कुणी शहाणा म्हणणार नाही. दुसरी गोष्ट नाकाची. नाक थोडे बाकदार किंवा थोडे बसके असले तरी ते शोभते. पण त्या दिशेने ताणतच नेले तर शेवटी ते नाकच राहत नाही. लोकशाही आणखी ताणली म्हणजे आणखी चांगली लोकशाही मिळते असे नाही, आणि धनिकशाहीचेही तसेच. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. लोकशाहीत पुढाऱ्यांनी श्रीमंतांच्या बाजूने बोलावे आणि धनिकशाहीत सत्ताधाऱ्यांनी लोकांच्या बाजूने, असे तो सुचवतो. काही धनिकशाह्यांत सत्ताधारी लोकांचे वाईट करण्याची शपथ घेत. त्यांनी नेमकी उलटी शपथ घ्यावी, असे तो म्हणतो. जो समोर नाही, ज्याची मते कमी आहेत, त्याची बाजू सत्तेवर असलेल्याने मांडायची. नेमस्तपणाची याहून कठीण व्याख्या मला माहीत नाही.

हे वाचताना मराठी माणसाला न्यायमूर्ती रानडे आठवले पाहिजेत. १८९५ मध्ये पुण्याची सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेली आणि १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. तिच्या जाहीरनाम्यात त्यांनी उदारमत आणि नेमस्तपणा या दोन शब्दांचे अर्थ मुद्दाम उलगडून सांगितले. अशक्याच्या मागे न लागता रोज हाताशी असलेले पुढचे पाऊल टाकायचे, आणि तेही तडजोडीच्या व न्यायाच्या बुद्धीने, असा त्यांच्या नेमस्तपणाचा आशय होता. पाऊल लहान असले तरी ध्येय लहान नव्हते. त्यांचे शिष्य गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. स्वतंत्र भारतात मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडले. मवाळ म्हणून हिणवलेल्या माणसाचे एक पाऊल जवळजवळ शंभर वर्षे पुढे पडलेले होते.

१९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली आणि मधला धुरा काही काळ नाहीसा झाला. पण १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा त्यांच्या चितेसमोर उभे राहून त्यांचा गौरव करणारे, तरुणांना त्यांचे अनुकरण करायला सांगणारे लोकमान्य टिळक होते. पुढच्याच वर्षी लखनौला दोन्ही पक्ष एकत्र आले. भांडण मोठे असूनही धुरा पुन्हा घालता येतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

यवतमाळ जिल्ह्याकडे पाहिले तर या विषयाचे एक संपूर्ण आयुष्यच समोर उभे राहते. लोकनायक बापूजी अणे, म्हणजे माधव श्रीहरी अणे, यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला झाला. यवतमाळला त्यांनी वकिली केली. ते टिळकांचे निष्ठावंत अनुयायी, म्हणजे जहाल परंपरेतले. तरीही त्यांचे सारे राजकारण मधल्या जागेच्या शोधात गेले. असहकार आणि सहकार यांच्या मधे त्यांनी टिळकांचाच प्रतियोगी सहकारितेचा विचार उचलला. सरकार जितके देईल तितक्या मापाने सहकार्य, नाकारेल तितक्या मापाने विरोध. १९२६ मध्ये जयकर आणि केळकर यांच्यासह त्यांनी या तत्त्वावर पक्ष उभा केला. १९२८ च्या नेहरू समितीचे ते सदस्य होते.

मवाळ भूमिका घेणारा माणूस लढ्यात मागे राहतो, या समजुतीला अण्यांनी १९३० मध्ये उत्तर दिले. वऱ्हाडात समुद्र नाही. इथल्या माणसाला मिठाइतकाच जंगलाचा कायदा काचत होता. गुरांना चारा आणि चुलीला सरपण मिळवणे गुन्हा झाला होता. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात अण्यांनी गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. गांधीजींच्या मार्गाबद्दल मतभेद असलेला हा माणूस, गवताच्या एका पेंढीसाठी तुरुंगात गेला. सोलोनच्या त्या कायद्याचा अर्थ वऱ्हाडातल्या गवताने मला समजावला: वेळ आली की बाजू घ्यावीच लागते.

त्याच आयुष्यात मध्यम मार्गाची जखमही आहे. १९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला उठाव झाला आणि मागोमाग गावावर दडपशाही कोसळली. स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. चौकशीची मागणी घेऊन प्राध्यापक भन्साळी दिल्लीला थेट अण्यांच्या घरी जाऊन बसले आणि नंतर त्यांनी दीर्घ उपोषण केले. आपल्याच विदर्भातल्या बायाबापड्यांचा आक्रोश दारात, आणि हाती असलेले पद त्यापुढे निष्प्रभ. सत्तेच्या आत राहून चांगले करता येईल असे मानणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधीतरी येते. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा अण्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. हा राजीनामा चिमूरच्या वेळीच यायला हवा होता, असे माझे मत आहे. मधल्या जागेवर बसलेल्या माणसाला उठायचे केव्हा हे कळले पाहिजे; तो क्षण चुकला तर त्याच्या संयमाची किंमत दुसरेच चुकवतात. तरीही ते उठले, हेही तितकेच खरे. पुढे श्रीलंकेतले प्रतिनिधी, बिहारचे राज्यपाल, नागपूरचे खासदार अशी वाटचाल करून २६ जानेवारी १९६८ रोजी ते गेले. त्यांनी टिळकांवर लिहिलेल्या संस्कृत महाकाव्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ग्रीस आणि महाराष्ट्र यांना थेट जोडणारा दुवा मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी जॉर्ज ग्रोट या इतिहासकाराचा आधार घेतला. ग्रोटने ग्रीसचा मोठा इतिहास लिहिला आणि अथेन्सच्या क्लाइस्थेनीसच्या सुधारणांची चर्चा करताना घटनात्मक नीतीची कल्पना मांडली. पक्षापक्षांत कितीही कडवट झगडा असला तरी राज्यघटना जेवढी मला पवित्र आहे तेवढीच माझ्या विरोधकालाही आहे, असा भरवसा प्रत्येकाच्या मनात असणे, हा तिचा गाभा. ही नीती निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते, हे बाबासाहेबांनी त्याला जोडून सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सत्याग्रहासारखे मार्ग आता सोडायला हवेत असे बजावले; घटनात्मक वाटाच नव्हत्या तेव्हा ते समर्थनीय होते, आता नाहीत. पुसदच्या गवताचा आणि या इशाऱ्याचा मेळ इथेच बसतो. त्याच भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतला विरोध लवकर मिटवला नाही तर राजकीय लोकशाहीची इमारत उधळली जाईल, असेही सांगितले. मालक आणि गुलामांचे नगर टिकत नाही, हे अरिस्टॉटलचे म्हणणे इथे अरिस्टॉटलपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहे.

पुढे गेले आहे असे म्हणतो, कारण ग्रीकांच्या मध्याला कुंपण होते. त्यांच्या नगरसभेत स्त्रिया नव्हत्या, परके रहिवासी नव्हते, आणि लॉरिऑनच्या चांदीच्या खाणीत राबणारे गुलाम तर माणसांतच मोजले जात नव्हते. अरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन केले. काहींना शेतातून हाकलून उरलेल्यांत सुंदर धुरा घालणे, ही त्या आदर्शाची मोठी त्रुटी आहे. आपल्याकडच्या नेमस्तांवरही हा आक्षेप येतो; ज्यांना आजच भाकर आणि आजच मान हवा होता त्यांना 'हळूहळू' हे उत्तर त्यांनी कितीदा तरी दिले. या पुस्तकाने ते झाकलेले नाही. मध्य काढण्याआधी दोन्ही टोकांना कोण कोण उभे आहे, कुणाला मैदानातच येऊ दिले नाही, हे विचारलेच पाहिजे.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात सोलोनपासून अरिस्टॉटलपर्यंतचा ग्रीक अनुभव आणि विचार, दुसऱ्या भागात रानडे, गोखले, अणे आणि आंबेडकर यांच्या राजकारणातला मध्याचा शोध. तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी लागणार नाही. ग्रीक नावे पहिल्यांदा अडखळवतील. दहा-वीस पानांनंतर ती ओळखीची होतील. ज्याला घाई असेल त्याने मिटिलीनी आणि ४०३ ची माफी ही दोन प्रकरणे आधी वाचावीत.

आर्णीत बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याची यात्रा भरते तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे येतात. त्यांतले कुणी मध्यम मार्गावर पुस्तक वाचलेले नसते. पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडच्यांनी वखर आवरला म्हणून ती जागा उरली आहे. असे धुरे आपल्या प्रत्येक गावात आहेत आणि प्रत्येक गावात ते झिजत आहेत. वाचकाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत, पुढच्या ग्रामसभेत, घरातल्या पुढच्या वादात, आपली बाजू वरचढ असेल तेव्हा समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडून पाहा. आपली बाजू हरलेली असताना ते कुणालाही जमेल. जिंकलेली असताना करा. आणि नेमस्त हा शब्द पुन्हा वापरायला लागा. तो आपलाच आहे.

आर्णी, जि. यवतमाळ